हद्दीबाहेरचं वादळ

“झाली तुमची भरती,” बांदिवडेकरसाहेब म्हणाले. “आता बावटा उतरवा, पित्रे.”

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वैशाखातली अमावास्या, उधाणाचा दिवस. पाणी चढायचं तेवढं चढलं, धक्क्याच्या सातव्या पायरीला टेकलं आणि निमूटपणे परत फिरलं. वारा नाही, ढग नाही. धक्क्यावर एक कावळा दगडाला चोच घासत बसला होता, तोही उडाला नाही. आणि आमच्या डोक्यावर, खांबाच्या टोकाला, वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लटकत होता. वेताच्या सांगाड्यावर काळं कॅनव्हास चढवलेली ती आकृती. दहा मैलांतल्या कुठल्याही होडीला ती दिसली की तिने किनाऱ्याला यायचं, असा नियम. सकाळी आठला ती मी वर चढवली होती, कुणालाही न विचारता.

“साहेब, मला वाटतं, आणखी एक भरती…” मी म्हणालो.

“तुम्हाला सकाळीही वाटत होतं.”

ते खरंच होतं. सकाळी मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की दुपारच्या भरतीला पाणी माडांत शिरेल. छातीठोकपणे म्हणजे माझ्या मानाने. मान खाली घालून, चष्म्याची काडी चोखत, तीनदा अडखळून. साहेब माणूस वाईट नव्हता. दुसरा असता तर त्याने तिथल्या तिथे बावटा खाली ओढला असता. हे म्हणाले, ठीक आहे, बारापर्यंत बघू. आणि बारापर्यंत खरोखरच माझ्या शेजारी उन्हात उभे राहिले.

आता ते डबा खायला आत जायला निघाले. जाताना म्हणाले की मी हात धुऊन बाहेर येईन तेव्हा बावटा मला खाली दिसला पाहिजे. किनाऱ्यावर मासेमारीला निघालेली तातू तांडेलाची माणसं सकाळपासून खोळंबली आहेत, आणि बंदराची जी काय अब्रू आहे ती आज तुमच्यामुळे जायची वेळ आली आहे.

ह्याला आता सदतीस वर्षं झाली. मी तेव्हा तिवरेबंदरच्या बिनतारी केंद्रावर कारकून होतो. केंद्र म्हणजे डोंगराच्या नाकाडावर दोन खोल्या, एक तारयंत्र, आणि अंगणात तो खांब. भर समुद्रातली जहाजं दर सहा तासांनी आपल्याकडचं हवामान आकड्यांत कळवतात. वारा किती, लाट किती उंच, कुठून येते, दोन लाटांत किती सेकंद. ते आकडे उतरवून घ्यायचे, पुढे शहरातल्या कचेरीत पाठवायचे आणि भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीने मांडायचे, एवढंच माझं काम. वादळ दिसलं तर वर्तुळ काढायचं. वारा पडला की वादळ संपलं, वर्तुळ रबराने पुसायचं.

त्या छापील नकाशात एक गंमत होती. विषुववृत्ताच्या जरा खाली तो संपायचा. त्याखालच्या जहाजांचे आकडेही अधूनमधून कानावर यायचे, पण ते मांडायला जागाच नव्हती. आपली हद्द तिथवर. मी भिडस्त माणूस, कुणाशी बोलायचो नाही, संध्याकाळी पुस्तकं वाचायचो. मग वाचून वाचून एक खूळ लागलं. भरती-ओहोटीच्या जुन्या कोष्टकांची कोरी पाठ घेऊन मी नकाशाला खालून कागद चिकटवायला लागलो. एक, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी नकाशा टेबलामागून जमिनीवर उतरला आणि दक्षिणेतली वादळं मांडायला मला फरशीवर मांडी घालून बसावं लागे. साहेब एकदा दारातून बघून म्हणाले, “पित्रे, तुमचा नकाशा पाताळात पोचला.”

पाताळातच होतं ते सगळं. तिकडे खाली, बर्फाच्या कडेला, बाराही महिने वादळं जन्मतात. मी त्यांची टिपणं ठेवायचो, एका वहीत, एका वादळाला एक पान. जन्म कुठे, वाढलं कसं, कुठल्या वाटेने चाललं, भरात असताना लाट किती उंच, आणि वारा कुठे पडला. घरी बायको हसायची. पत्रिका मांडता, पण लग्न कुणाचं जुळवणार, म्हणायची.

ह्या खेपेचं वादळ सव्विसावं. आठ दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाकडून गहू घेऊन आफ्रिकेच्या टोकाकडे निघालेल्या एका जहाजाने ते पहिल्यांदा कळवलं. दुसऱ्या दिवशी लाट नऊ मीटर, तिसऱ्या दिवशी बारा. मग ते जहाज गप्प झालं. दुसऱ्या एकाकडून कळलं की वारा उतरला. शहरातल्या कचेरीच्या दृष्टीने ते जन्मलंही नव्हतं आणि मेलंही नव्हतं. पण लाटांना वारा पडल्याचं कोण सांगणार? त्या निघाल्या होत्या, उत्तरेकडे, सात हजार किलोमीटर, मध्ये एक बेट नाही. मी हिशेब केला. अमावास्येची दुपार आली.

आणि ती दुपार आता माझ्यासमोर कावळ्यासारखी चोच घासत बसली होती.

माझं चुकलं असणार, असं मला लगेच वाटलं. ते मला नेहमीच वाटतं. हे लिहितानाही वाटतं आहे. मी दोरीला हात घातला. मग, कशासाठी कोण जाणे, पुन्हा एकदा धक्क्याकडे बघितलं. सातव्या पायरीवर पाणी वीतभर चढत होतं, वीतभर उतरत होतं. कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं थोडं. मी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. सकाळी दोन लाटांत वीस सेकंद होते. आता एकोणीस.

आदल्या दिवशी ते आठ होते.

तिथे उन्हात उभं राहून मला माझी चूक कळली. मी सगळ्यात लांब लाटांचा वेग धरला होता. त्या सगळ्यात जलद धावतात, सगळ्यांच्या आधी पोचतात, पण त्यांच्यात जीव नसतो. जीव असलेल्या, भारी लाटा जरा तोकड्या, आणि म्हणून मागे. शिमग्यात ढोल ऐकू आले म्हणजे पालखी दारात आली असं नाही. विसाचे एकोणीस झाले होते. सतरा होतील तेव्हा पालखी येईल. उद्या दुपारी.

हे सगळं साहेबांना सांगायचं तर ते हात धुऊन येतील, मी अडखळेन, ते पुन्हा “उतरवा” म्हणतील, आणि मी उतरवेन. मी स्वतःला ओळखून होतो. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मी कधीच कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

म्हणून मी शिडी लावली. खांबावर दोन पुरुष उंचीला एक लोखंडी कडी होती. तिथे चढून मी बावट्याची दोरी कडीला सात गाठी मारून बांधली आणि पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने खाली लोंबणारा भाग कापून टाकला. खाली उतरलो. मग शिडी उचलली, अंगणाच्या दगडी गडग्यावर टेकवली आणि पलीकडे ढकलून दिली. खाली खडक आहेत. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

साहेब हात पुसत बाहेर आले. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, गडग्यापाशी जाऊन खाली बघितलं.

“ती सरकारी शिडी होती,” ते म्हणाले.

“होय साहेब.”

 मग टोपी घालून स्वतः डोंगर उतरून किनाऱ्यावर गेले आणि रापणीच्या लोकांना सांगून आले की वरचा बावटा खरा नाही, कारकुनाचं डोकं फिरलं आहे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालत जाळं सोडत जाते, आणि दोन्ही टोकांचे दोर पंचवीस-तीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओढतात. अर्धं गाव पाण्यात असतं. बावटा वर असताना रापण घालायची नाही, हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा नेम. पण ही मोसमातली शेवटची रापण होती. पावसाचे चार महिने ज्यावर काढायचे ते सुकं, म्हणजे वाळवलेली मासळी, हिच्यातूनच निघायचं. नेम मोडवेना म्हणून ते दिवसभर थांबले. साहेब सांगून गेले तेव्हा ओहोटी लागली होती, म्हणून दुसऱ्या दिवसावर गेलं. तो दिवसही तसाच लख्ख उजाडला.

मी सकाळी धक्क्यावर बसून मोजलं. अठरा. मग वही काखेत घेऊन वाळूवर गेलो.

मला बघून दोरावरची माणसं हसायला लागली. एकाने विचारलं की भटजीनू, तुमका उन बाधला काय. दुसरा म्हणाला, त्यांका विचारा, आमच्या रेडकाक पण मुहूर्त बगतत काय. माझे पाय वाळूत रुतत होते आणि चपला हातात होत्या. होडी पाण्याच्या कडेला आणली होती, तिच्यात जाळ्याचा ढीग रचलेला, सहा माणसं वल्ही धरून उभी. तातू तांडेल होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हात टेकवून समुद्राकडे बघत होता. सत्तरीचा, काळाकभिन्न, फारसा न बोलणारा. तो “चला” म्हणाला की होडी जाणार.

“तातूनू, आज नका जाऊ,” मी म्हणालो.

“कित्याक?”

मी आफ्रिकेच्या टोकापासून सुरुवात केली. सेकंद सांगितले, मीटर सांगितले. जमलेली माणसं आधी हसली, मग कंटाळली. होडीतल्या एकाने वल्हं आपटलं. तातू मान न वळवता म्हणाला की साहेब सांगून गेलो बावटो खोटो, तुमी सांगतास खरो, मी कोणाचा आयकू.

मला समोर माणसं असली की बोलता येत नाही. पण वाचता येतं. मी वही उघडली. त्या दिवसाचं पान नाही. सात पानं मागचं. ते उघडायचं असं मी डोंगरावरून उतरताना ठरवलं नव्हतं, किंवा ठरवलं असेल तर स्वतःला कळू दिलं नव्हतं.

“वादळ एकोणिसावं,” मी वाचलं. “दोन वर्षांपूर्वीचा चैत्र. जन्म आफ्रिकेच्या आग्नेयेला. तिसऱ्या दिवशी भर, लाट अकरा मीटर. पाचव्या दिवशी वारा पडला. लाटा उत्तरेकडे निघाल्या. आपल्या किनाऱ्याला पोचतील: चैत्र पौर्णिमा, दुपार.”

हसणं थांबलं. चैत्र पौर्णिमेची दुपार त्या किनाऱ्यावर कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती. त्या दिवशी असंच ऊन होतं, वारा नव्हता. तातूचा मुलगा विसू होडी घेऊन जाळं सोडायला गेला. समुद्र काही कारण नसताना उभा राहिला आणि त्याने होडी उलथून टाकली. बाकीचे पोहून आले, विसू आला नाही. वादळ तर नव्हतंच, मग दोष त्याचाच. प्यायला होता, म्हणाले. होडी आडवी घातली, म्हणाले. तांडेलाचा मुलगा असून त्याला लाट कापता येईना, म्हणाले. दोन वर्षं म्हणत होते.

दोरावरून विसूची बायको पुढे आली. शेवंता तिचं नाव. तिने माझ्या हातातून वही घेतली. चार यत्ता शिकलेली होती, बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. पानाच्या कोपऱ्यात मी लिहिण्याची तारीख घालायचो, तिथे तिचं बोट थांबलं.

“ह्या तुमी आदल्या दिसा लिवलास?”

“होय.”

“कोणाक सांगलास?”

“नाही. मला वाटलं, माझं चुकलं असेल.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता की काय होतं, मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

“आनी मगे? चुकला नाय म्हनान कळला, त्येच्यानंतर दोन वर्सां तुमी खंय होतास?”

मी डोंगराकडे बोट करणार होतो, इतका मी मूर्ख आहे. पण हात उचलला नाही. मागून कुणीतरी शिवी दिली. होडीतून दोघे खाली उतरले आणि माझ्या दिशेने आले. मला वाटलं आता मार बसेल. बसला असता तर बरंच वाटलं असतं. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

“थांबा रे,” तातू म्हणाला.

तो अजून समुद्राकडेच बघत होता. नंतर माझ्या ध्यानात आलं की मी वाचत होतो तेवढा वेळ त्याचा होडीवरचा हात उघडत होता आणि मिटत होता. प्रत्येक लाटेला एकदा.

“त्या दिसा पण अशीच होती,” तो म्हणाला. “लांब. दर्यो निजलेल्या मानसासारखो श्वास घेय होतो. माका दिसला. पन वारो नाय, काय नाय. लोक हसतीत, म्हनतीत तांडेल म्हातारो झालो. मी गप ऱ्हवलंय.” मग पहिल्यांदाच तो वळला, माझ्याकडे नाही, सुनेकडे. “पोरगो माका इचारून गेल्लो, बाये. जावं काय म्हनान. मी जा म्हटलंय.”

 शेवंताने वही तशीच छातीशी धरली होती.

“होडी वर ओढा,” तातू म्हणाला. “जाळां पन. पार माडापर्यंत.”

मागे एकजण म्हणाला, साहेबानू सांगल्यानी बावटो खोटो. तातूने डोंगराकडे हात केला. वर तो काळा ठिपका होता.

“खोटो तर खोटो. वर आसा मां?”

शेवंताने वही माझ्या हातात दिली आणि सगळ्यांच्या आधी होडीच्या दोराला हात घातला. मीही घातला. माझा काही उपयोग नव्हता, मधेमधेच येत होतो, पण कुणी बाजूला हो म्हटलं नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी समुद्र आधी मागे गेला. धक्क्याच्या तळाचे, कधी न दिसणारे दगड उघडे पडले. मग तो आला. आवाज नाही, फेस नाही, उंच भिंतही नाही. नुसतं पाणी जाडजूड होऊन चालत आलं आणि थांबायचं विसरलं. वाळू गेली, रापणीची जाळी ठेवायचा मांगर गेला, माडांच्या दुसऱ्या रांगेपर्यंत पाणी आलं. डोक्यावर निळं आभाळ तसंच. दुसरी लाट त्याहून मोठी होती. मी मोजलं, सवयीने. सतरा. वर न ओढता आलेल्या दोन लहान होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. माणसं साठ होती, आम्ही दोनदा मोजली. साठच भरली.

साहेब डोंगरावरून धावत खाली आले होते. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, गुडघ्यापर्यंत ओले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “वारा नाही हो, पित्रे. एक झुळूक नाही.”

संध्याकाळी पाणी उतरल्यावर तातू माझ्याकडे आला. त्याने एकोणिसाव्या वादळाचं पान उघडायला सांगितलं. खाली मोकळी जागा होती, मी ती नेहमीच सोडायचो. वारा पडल्यावर पुढे काय लिहायचं हे मला ठाऊक नसायचं.

“हंय विसूचा नाव लिव,” तो म्हणाला. “पियाललो नाय, होडी आडवी घालूक नाय, ता पन लिव. आनी वाचून दाखव.”

मी लिहिलं. माडांखाली सगळे बसले होते. मी उभं राहून वाचलं. अडखळलो नाही.

पंधरा दिवसांनी शहरातल्या कचेरीतून खुलासा मागणारं पत्र आलं. हद्दीबाहेरील व कार्यालयाच्या नोंदीत नसलेल्या वादळासाठी विनापरवाना बावटा का लावला. वरिष्ठांनी सांगूनही तो का उतरवला नाही. तसंच एक सरकारी शिडी गहाळ आहे, तिचं काय झालं. मी रात्रंदिवस उत्तरं लिहीत होतो आणि फाडत होतो. एकात माफी मागितली होती, दुसऱ्यात रजेचा अर्ज जोडला होता. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात माणसांचा आवाज आला म्हणून बाहेर बघितलं. मग आत येऊन एका दमात लिहिलं आणि न वाचता साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, ‘योग्य वाटल्यास पुढे पाठवावे’ हा नेहमीचा शेरा मारायला पेन उचललं, थांबले, आणि नुसती सही केली.

त्याची कार्बन प्रत माझ्याकडे अजून आहे. ती अशी:

“वादळ सव्विसावे. जन्म आपल्या हद्दीबाहेर, वारा पडला तोही हद्दीबाहेर. आगमन आपल्या हद्दीत, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा, दुपारी एक वाजून दहा मिनिटे. बावटा मी लावला व जाणूनबुजून उतरवला नाही. असे वादळ पुन्हा आल्यास पुन्हा लावीन. शिडी मी स्वतः कड्यावरून टाकली. तिच्या जागी रापण मंडळाने नवी शिडी आज खांबाला आणून लावली आहे. ती पहिलीपेक्षा दोन हात उंच आहे.”